दुपारी चारला दमणारी ट्यूब

दिवाळी अंकाच्या संपादकांचं पत्र आलं, त्यात 'आपल्या कामातले गमतीदार अनुभव' असे शब्द होते. मी फोन करून विचारलं, राग चालेल का? ते म्हणाले, चालेल, पण चार-पाच पानांत मावला पाहिजे. बघते प्रयत्न करून. इतकी वर्षं मावलाच आहे.

मी सत्तावीस वर्षं ट्यूब तपासल्या. हे सांगितलं की समोरचा माणूस आधी छताकडे बघतो. माझ्या थोरल्या दिरांनी लग्नानंतर महिन्याभरातच स्वयंपाकघरातली लुकलुकणारी ट्यूबलाइट मला दाखवली होती. मी स्टुलावर चढून तिचा स्टार्टर बदलला, ती लागली, आणि माझ्या नोकरीबद्दल सासरी कुणाला काही शंका उरली नाही. पुढे मीही समजावण्याचा नाद सोडला. पण इथे समजावणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

काही आजारांत डॉक्टर पेशंटला किरणोत्सारी औषधाचा अगदी छोटा डोस देतात. ते औषध शरीरातल्या नेमक्या जागी जाऊन बसतं, समजा गळ्यातल्या थायरॉइडच्या ग्रंथीत. तिथून गॅमा किरण बाहेर पडतात. गॅमा कॅमेरा नावाचं मशीन ते किरण टिपतं. मशीनच्या डोक्यात एक भलामोठा स्फटिक असतो. त्याच्यावर किरण आदळला की इतका बारीक उजेड पडतो की माणसाच्या डोळ्याला तो दिसणं शक्य नाही. तो बघायला स्फटिकाच्या पाठीशी काचेच्या ट्यूब दाटीवाटीने लावलेल्या असतात. आमच्या मशीनमध्ये सदतीस असत. प्रत्येक ट्यूब त्या उजेडाची वीज करते आणि तिला हजारो पटींनी वाढवते. सदतीस जणींनी मिळून सांगितलं की उजेड कुठे पडला ते कळतं, आणि असे लाखो ठिपके जमले की फोटो तयार होतो. ग्रंथीचा एखादा भाग औषध घेत नसेल तर तिथे काळं दिसतं. डॉक्टर त्याला 'थंड गाठ' म्हणतात आणि थंड गाठ म्हटली की घरच्यांचे चेहरे उतरतात, कारण तिच्यात कॅन्सर असू शकतो.

आता एखादी ट्यूबच कमी बघत असेल तर? तरीही तिथे काळंच दिसतं. फोटोला काय कळणार की डाग पेशंटचा की मशीनचा? ते ट्यूब लावायच्या आधी कळावं लागतं, आणि ते कळून घेणं एवढंच माझं काम होतं.

आमची कंपनी म्हणजे पर्वतीच्या पायथ्याशी एका इंडस्ट्रियल इस्टेटमधले दोन गाळे. आयातीचे दरवाजे उघडल्यावर आपटेसाहेबांनी ती सुरू केली. परदेशातल्या हॉस्पिटलांनी टाकून दिलेले गॅमा कॅमेरे ते आणत, पार सुटे करत, एकेक भाग तपासून पुन्हा उभे करत, आणि ज्यांना नवं मशीन परवडत नाही अशा हॉस्पिटलांत बसवून देत. साहेब सदाशिव पेठेतले, बोलायला तिरकस आणि कामाला कडक. मी विश्रांतवाडीची, वडील खडकीच्या कारखान्यात फिटर, स्वतः पॉलिटेक्निकची इलेक्ट्रॉनिक्सची पदविका. मुलाखतीत त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "अंधाराची भीती वाटते का?" मी म्हटलं, उजेडात जास्त वाटते. लगेच घेतलं.

कारण ट्यूबला अंधार लागतो. आमच्या मागच्या गाळ्यात एक काळी खोली होती. भिंती काळ्या, छत काळं, दाराला आतून काळा जाड पडदा आणि एक मिणमिणता लाल दिवा. त्यात माझी आठ ट्यूब मावणारी पेटी. नुसत्या खोलीतल्या उजेडाने ट्यूब काही काळ बिथरते, म्हणून तपासणीआधी तिला पूर्ण एक दिवस अंधारात ठेवायचं. मग पेटीत बसवून हाय व्होल्टेज द्यायचं, ठरावीक उजेडाचे बारीक ठोके तिच्यासमोर पाडायचे आणि ती काय बोलते ते बघायचं. शेजारी कागदाच्या गुंडाळीवर पेनाने रेघ काढणारा रेकॉर्डर चालू असे. आणि ही तपासणी दिवसभर चालायची. सकाळी आठला सुरू, संध्याकाळी पाचला बंद. काही ट्यूब सकाळी टवटवीत असतात आणि चार वाजेपर्यंत दमतात. रेघ हळूहळू खाली यायला लागते. अशा ट्यूबच्या चिठ्ठीवर मी लिहायची, 'दमते. लावू नये.' कुणी 'तापट' असायची, कुणी 'उशिरा जागी होते'. साहेब त्या चिठ्ठ्या वाचून म्हणत, हे स्थळांचं रजिस्टर आहे का? पण एकही चिठ्ठी त्यांनी डावलली नाही. रोज सकाळी काळ्या खोलीच्या दाराशी येऊन विचारत, "अंधार नीट आहे ना?" मी आतून म्हणायची, आहे. आमचं सुप्रभात तेच.

एक नियम मात्र सगळ्यांच्या वरचा होता. व्होल्टेज चालू असताना पेटी उघडायची नाही. अंधारातल्या एका ठिपक्यासाठी केलेल्या ट्यूबवर, ती चालू असताना, खोलीभर उजेड पडला तर ती आतून भाजते. काही ट्यूब जागीच मरतात, काही वाचतात आणि काही वाचल्यासारखं दाखवतात. मला भीती तिसऱ्या प्रकाराची.

आता खंडेनवमी. त्या दिवशी कारखान्यांत हत्यारांची आणि यंत्रांची पूजा होते. आमच्याकडेही व्हायची. पुढच्या गाळ्यात टेबलावर स्क्रू-ड्रायव्हर, सोल्डरिंगचे आयर्न, मीटर मांडून साहेब स्वतः हळदकुंकू वाहत. काळी खोली मात्र बंद. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "आमचा देव अंधारात राहतो. त्याला निरांजन दाखवलं तर तो रागावतो." चावी त्या दिवशी त्यांच्या खिशात असे, कारण मी रजेवर. माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. आमच्याकडे खंडेनवमी नाही. दसऱ्याला आम्ही नागपूरला दीक्षाभूमीवर जातो, दरवर्षी, तीन दिवसांची रजा. साहेबांनी ती कधी नाकारली नाही आणि मीही त्यांच्या पूजेवर कधी चकार शब्द काढला नाही. बरं चाललं होतं.

कॉम्प्युटरमधलं दोन हजार सालाचं ते संकट येणार येणार म्हणत न येताच गेलं, त्या वर्षी साहेबांना हृदयविकाराचा झटका आला. ते कोथरूडच्या घरी पडून होते आणि कंपनी बघायला त्यांचे जावई आले. अनिरुद्ध सर. सॉफ्टवेअरवाले, चार वर्षं अमेरिकेत राहून आलेले. माणूस वाईट नव्हता, हे मी रागातसुद्धा लिहिते. पण ज्या गोष्टीला वेळ लागतो ती गोष्ट चुकीची आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. पहिल्याच आठवड्यात त्यांनी काळ्या खोलीत डोकावून विचारलं, "मॅडम, दिवसभर ट्यूब नुसत्या बसवून ठेवायच्या? ही काय साधना आहे का?" मी सांगितलं की पेशंट फक्त सकाळी नऊला येत नाहीत. ते हसले आणि महिन्याभरात कॉम्प्युटरवर नवा फॉर्म आला. दहा मिनिटांची तपासणी, पास किंवा फेल, दोनांतलं एक निवडायचं. शेऱ्याचा रकानाच नव्हता. 'दमते' कुठे लिहायचं विचारलं तर म्हणाले, ते सब्जेक्टिव्ह आहे. मी तोंडाने हो म्हटलं आणि माझी दिवसभराची तपासणी तशीच चालू ठेवली.

त्या खंडेनवमीला एका हॉस्पिटलच्या मशीनच्या शेवटच्या आठ ट्यूब पेटीत होत्या. रजा असूनही मी सकाळी आठला येऊन व्होल्टेज दिलं, रेकॉर्डर लावला आणि दहाला निघाले. पाचला बंद करायचं काम जाधवांवर सोपवलं. जाधव आमचे जोडणीचे फिटर, लोहगावकडचे, हाताला कमालीचे नेमके. आणि चावी मी अनिरुद्ध सरांना दिली. साहेबांच्या खिशात राहायची म्हणून त्यांच्या जावयाला दिली. ती मी पर्समध्ये टाकून नागपूरला न्यायला हवी होती. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मूर्ख सभ्यता.

तीन दिवसांनी परत आले. काळी खोली उघडली, पेटी उघडली, तर आत झेंडूची पाकळी. लाल दिव्यात मला पहिल्यांदा ते नीट कळेना. व्होल्टेज बंद असल्याची खात्री करून बाहेरचा दिवा लावला. आठही ट्यूबच्या काचेवर, ज्या काचेतून ट्यूब बघते त्याच काचेवर, हळदकुंकवाची बोटं होती. मी रेकॉर्डरचा कागद ओढून काढला. सकाळी आठपासून आठ सरळ, शहाण्या रेघा. अकरा वाजून वीस मिनिटांना आठही पेनं वरच्या कडेवर जाऊन आपटलेली आणि चार मिनिटं तिथेच थरथरत राहिलेली. मग पुन्हा खाली, पण आता वेड्यावाकड्या.

जाधव दारात उभे होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मॅडम, म्या नको म्हनलं हुतं. आत करंट चालू हाय म्हनून सांगितलं. सर म्हनले, चालू आसल तरच फोटो चांगला येतोय."

फोटो. कंपनीची वेबसाइट होणार होती आणि तिच्यावर 'परंपरा आणि तंत्रज्ञान' असा फोटो हवा होता. त्यासाठी काळ्या खोलीत हॅलोजनचे दिवे लावून, पेटीचं झाकण उघडून, हार घालून पूजा केली. चालू पेटीची.

मी काचा पुसल्या, ट्यूब एक दिवस अंधारात ठेवल्या आणि दिवसभर तपासल्या. पाच सावरल्या. तीन सकाळी उत्तम होत्या आणि दुपारी चारपर्यंत खाली आल्या. मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या, 'दमते. लावू नये.' आणि तो कागद घेऊन अनिरुद्ध सरांच्या टेबलाशी गेले. ऑफिसात सहा-सात माणसं होती. मी सगळं शांतपणे सांगितलं. काय झालं, कशाने झालं, तीन ट्यूब का बाद करायच्या आणि दुसऱ्या मिळेपर्यंत मशीन का थांबवायचं. त्यांनी कागद बघितला नाही. सौम्यपणे, अगदी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. तुम्हाला राग ट्यूबचा आलाय की पूजेचा?"

इतकी वर्षं झाली, ते वाक्य लिहितानाही माझा हात तापतो. मी व्होल्टेजबद्दल बोलत होते. हातात फूटभर पुरावा होता. आणि त्या माणसाने एका वाक्यात मला माझ्या टेबलावरून उचललं आणि माझ्या वस्तीत नेऊन ठेवलं. ऑफिसात कुणी वर बघितलं नाही. ज्यांच्याबरोबर मी रोज डबा खात होते ते सगळे एकदम आपापल्या कामात बुडाले. त्या क्षणापासून मी काहीही बोलले असते तरी ते 'वाघमारे मॅडमचं पूजेचं प्रकरण' झालं असतं. कागदावरची रेघ हिंदूही नव्हती आणि बौद्धही नव्हती, ती नुसती रेघ होती. पण तसं म्हणायला मला तिथे शब्द सुचला नाही. शब्द सुचला बसमध्ये, संगमवाडीच्या पुलावर. तिथे तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता.

मी सही करायला नकार दिला. सर म्हणाले, आता सही लागत नाही, लॉगिन असतं. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्या तिन्ही ट्यूब पास होत्या. सकाळी सव्वानऊची दहा मिनिटांची तपासणी. खाली छापलेलं, तपासणारे : वाघमारे. आमचा सगळ्यांचा पासवर्ड एकच होता, कंपनीचं नाव आणि एक-दोन-तीन. माझ्या नावाने कुणीही शिरू शकत होतं आणि कुणीतरी शिरलं होतं.

मी त्याच संध्याकाळी कोथरूडला गेले. साहेबांच्या पत्नीने दार उघडलं, आत घेतलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, त्यांना त्रास होईल असं आज काही बोलू नका हं. डॉक्टरांनी बजावलंय." साहेब खिडकीशी खुर्चीत होते, निम्मे झालेले. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. "काय वाघमारे, अंधार नीट आहे ना?"

मी म्हटलं, "आहे."

चहा घेतला, बिस्किट घेतलं आणि परत आले. माझा राग अनिरुद्ध सरांवर आहे हे खरं. पण त्या 'आहे'चं काय करायचं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर मशीन बसलं. ते हॉस्पिटलही पुण्यातलंच, एका ट्रस्टचं. मला मुद्दाम नेलं नाही. जाधवांनी हळूच सांगितलं की तीन ट्यूबपैकी दोन कडेला गेल्या, एक मध्याच्या जवळ. कडेच्यांनी फारसं बिघडत नाही. मधली मात्र जिथे गळा येतो तिथेच बघते. मी मनाला समजावलं की कदाचित ट्यूब सावरेल, कदाचित तिथल्या टेक्निशियनला दिसेल. रोज सकाळी पेशंट येण्याआधी मशीनचा कोरा फोटो काढून बघतात, सगळीकडे सारखा उजेड आहे का ते. पण ते सकाळी. सकाळी ती ट्यूब शहाणी होती, आणि जे थोडं कमी पडे ते सॉफ्टवेअर आपल्या हिशोबाने भरून काढत होतं. हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी समजावत राहिले. गप्प बसलेल्या माणसाला एवढंच काम उरतं.

ऑफिसात संक्रांतीच्या तिळगुळाचे डबे फिरत होते तेव्हा फोन आला. त्या हॉस्पिटलचे टेक्निशियन, शेख. जुनी ओळख. कसलंसं ग्रीस मागवायचं निमित्त होतं. ते झाल्यावर जरा घुटमळून म्हणाले, "मॅडम, एक विचारू? हसू नका. दुपारच्या पेशंटना सकाळच्यापेक्षा थायरॉइडचा आजार जास्त असतो, असं काही असतं का?"

मला हसू आलं नाही. मी त्यांना म्हटलं, आज चार वाजता एकही पेशंट घेऊ नका, मी येते. रजेचा अर्ज केला नाही, सरांना विचारलं नाही. कायनेटिक काढली आणि गेले. चार वाजता शेखनी मशीनचा कोरा फोटो काढला. कुणी आत झोपलेलं नसताना, मशीनसमोर पेशंट नसताना, पडद्यावर मध्याच्या जरा डावीकडे एक काळा डाग उमटला. गोल, ट्यूबच्याच आकाराचा. शेख खुर्चीत बसले.  मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि दुपारच्या थायरॉइडच्या पेशंटच्या नावांवर बोट ठेवत खाली येऊ लागले.

तिथले डॉक्टर भला माणूस. मी कागदाची गुंडाळी त्यांच्यासमोर पसरली, त्यांनी शेवटपर्यंत बघितली. राग ट्यूबचा की पूजेचा असलं काही त्यांनी विचारलं नाही. ज्यांचे रिपोर्ट संशयास्पद होते त्या सगळ्यांना सकाळच्या वेळी पुन्हा बोलावलं. बहुतेकांचे डाग गेले, एकदोघांचे खरे निघाले. एकीला मात्र बोलावलं नाही. तिचं ऑपरेशन होऊन गेलं होतं. काढलेली गाठ तपासायला पाठवली होती, ती साधी निघाली. डॉक्टर फाइल मिटत म्हणाले, "रिपोर्ट चांगला आला आहे. तो विषय संपला."

ट्यूब बदलल्या. मी स्वतः जाऊन बदलल्या. अनिरुद्ध सरांनी मीटिंग घेतली आणि झाल्या प्रकाराला कम्युनिकेशन गॅप म्हणाले. जाधवांनी खाली बघून विचारलं, म्हंजे काय?  उन्हाळ्यात साहेब बरे होऊन कामावर आले. सगळं ऐकून घेतलं, काळ्या खोलीत एकटेच जाऊन बसले. बाहेर आल्यावर दिवसभराची तपासणी पुन्हा लेखी नियमात घातली, फॉर्ममध्ये शेऱ्याचा रकाना घालून घेतला, चावी कायमची माझ्याकडे दिली. मी म्हटलं, साहेब, त्या ऑपरेशन झालेल्या बाईंना कुणी सांगायचं?  ते म्हणाले, "आपण चूक दुरुस्त केली ना वाघमारे? आता ते उकरू नका. कंपनी राहायची नाही." ज्या माणसाने मला उजेडापेक्षा अंधार जपायला शिकवलं त्याने शेवटी तेच केलं, अंधार जपला. मी त्यांना तेव्हाही उलटून बोलले नाही. ते आता नाहीत, म्हणून हे लिहिताना बरं वाटत नाही. तरी लिहिते.

त्या बाईंकडे मी गेले होते. साहेब कामावर येण्याच्याही आधी, होळीच्या अलीकडच्या रविवारी. शेखनी कचरत पत्ता दिला होता. धायरीला, आतल्या रस्त्याला, दारात जास्वंद असलेलं बैठं घर. घरातून ठरवून निघाले होते की सगळं सांगायचं. जिना नव्हता, दमायला काही कारण नव्हतं, तरी दाराशी पोचेपर्यंत मला धाप लागली. बाई पहिलीच्या वर्गाच्या शिक्षिका. गळ्यावर आडवी, अजून लालसर रेघ. मी म्हटलं, स्कॅनचं मशीन बनवणाऱ्या कंपनीतून आले आहे, मशीनबद्दल विचारायला. त्या इतक्या खूश झाल्या. चहा टाकला. घोगऱ्या, फुटक्या आवाजात, मधेमधे थांबत बोलत होत्या. ऑपरेशनमध्ये आवाजाच्या नसेला धक्का लागला म्हणे, येईल हळूहळू. "हाताला एवढीशी लागत होती हो गाठ," त्या म्हणाल्या. "तुमच्या मशीनने दाखवलं म्हणून काढून तरी टाकली. आत काही निघालं नाही, देवाची कृपा. आता वर्गात ओरडता येत नाही, तर टाळ्या वाजवून गप्प करते पोरांना. ती पण शहाणी झाली आहेत, मी टाळी वाजवायच्या आत गप्प बसतात."

मी पण गप्प बसले. कोपऱ्यात दिवाळी अंकांची चळत होती. विषय बदलायला म्हणून मी तिच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, आजारपणात हाच आधार, पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत सगळं वाचते. निघताना त्यांनी माझ्या हातात जास्वंदीची एक फांदी दिली, लावायला. ती जगली. आमच्या गॅलरीत आहे.

तीन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. कंपनी तोपर्यंत एका मोठ्या कंपनीने घेतली होती आणि अनिरुद्ध सर तिथे फार वरच्या जागी होते. निरोपाच्या दिवशी त्यांनी छान भाषण केलं, माझ्या चिकाटीचं कौतुक केलं आणि सगळ्यांतर्फे एक फ्रेम दिली. तोच फोटो. काळी खोली हॅलोजनने लख्ख उजळलेली, पेटी उघडी, झेंडूचा हार, भोवती हसरी माणसं, एका कडेला खाली मान घातलेले जाधव. मागच्या भिंतीवर घड्याळ, अकरा वाजून वीस मिनिटं. त्यात मी नाही, हे देणाऱ्यांपैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी फ्रेम घरी आणली, मागच्या पुठ्ठ्यावर तो रेकॉर्डरचा कागद चिकटवला आणि तोंड भिंतीकडे करून टांगली. आल्यागेल्याला फक्त आठ रेघा दिसतात.

आता थोडं तुमच्याशी, बाई. हा अंकही तुम्ही जाहिरातींपर्यंत वाचाल, म्हणून मी लिहायला हो म्हटलं. तुमचं नाव मी घातलेलं नाही, पण जास्वंदीवरून तुम्ही ओळखाल. तुमची गाठ साधी निघाली यात देवाची कृपा नव्हती. ती आधीपासूनच साधी होती. फोटोतला काळा डाग तुमच्या गळ्यातला नव्हता, आमच्या ट्यूबचा होता. ती दुपारी चारला दमते हे मला तुमचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी माहीत होतं. आधी मला गप्प बसवलं गेलं, त्याचा मला अजून राग आहे. पण तुमच्या घरी मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. तिथे मी चहा पिऊन आपण होऊन गप्प बसले. त्या ट्यूबच्या रिपोर्टवर 'तपासणारे : वाघमारे' असं छापलं आहे. इतकी वर्षं मी म्हणत आले की ते खोटं आहे. तुमच्या घरून निघाल्यापासून तसं म्हणवत नाही.